फॉक्सप्रोच्या बिलिंगला मोबाइलची ऑर्डर: एका औषध वितरकाचं प्रकरण

दुकान आणि त्याची अडचण

जिल्ह्याच्या गावातला औषधांचा घाऊक वितरक. मालाच्या यादीत सुमारे १८,००० नावं, ग्राहक म्हणून ६०० च्या आसपास मेडिकल स्टोअर्स, बीटवर (ठरलेल्या दुकानांच्या फेरीवर) फिरणारे ९ सेल्समन आणि काउंटरवर बिलिंगचे ५ संगणक. बिलिंगचा प्रोग्राम व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ चा (मायक्रोसॉफ्टचं जुनं डेटाबेस-साधन) आहे, पण डेटाची घडण त्याहून जुनी, फॉक्सप्रो २.६ च्या दिवसांतली. तक्ते आणि त्यांचे नियम एकत्र बांधणारा डेटाबेस कंटेनर नाही. सुटे डीबीएफ तक्ते (एका तक्त्याची एक फाइल), झटपट शोधासाठी त्यांच्या सीडीएक्स इंडेक्स फाइल्स आणि लांब मजकुराच्या दोन-तीन मेमो फाइल्स, एवढंच. सर्व्हर म्हणजे विंडोजचा एक संगणक. त्याचं एक फोल्डर शेअर केलेलं आणि बाकीच्या संगणकांवर ते झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेलं. (हे कुणा एका दुकानाचं नाव झाकून केलेलं वर्णन नाही. अशा दुकानांत सर्रास दिसणारी रचना एकत्र घेतली आहे आणि आकडे हिशेबाच्या सोयीसाठी धरले आहेत.)

सेल्समन सकाळी बीटवर जातो, वहीत ऑर्डर लिहितो, दुपारी फोनवरून वाचून दाखवतो नाहीतर पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकतो. काउंटरवरचा माणूस ते पाहून पुन्हा टाइप करतो. चुका होतात त्या याच टप्प्यावर: २५० मिलिग्रॅमच्या जागी ५००, गोळीच्या जागी सिरप, १० स्ट्रिपच्या जागी १० बॉक्स. शिवाय माल शिल्लक आहे की नाही हे विचारायला सेल्समनचे काउंटरला दिवसभर फोन चालूच. मालकाची मागणी दोन ओळींची होती: साठा फोनवर दिसू दे आणि ऑर्डर फोनवरून सरळ बिलिंगमध्ये येऊ दे.

पहिली गोष्ट सोपी आहे. दुसरी जशी मागितली तशी करू नये, हे या प्रकरणाचं सार.

प्रोग्राम बदलायचा का?

व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ डिसेंबर २००४ मध्ये बाजारात आलं. पुढची आवृत्ती निघणार नाही हे मायक्रोसॉफ्टने मार्च २००७ मध्ये सांगून टाकलं आणि १३ जानेवारी २०१५ ला त्याचा विस्तारित सपोर्टही संपला. तरी ३२-बिट असल्यामुळे ते विंडोज १० आणि ११ वर बिनतक्रार चालतं. (डॉसवरच्या फॉक्सप्रो २.६ चं तसं नाही. ६४-बिट विंडोजवर ते एम्युलेटरशिवाय चालत नाही. तिथे आधी त्याची सोय लावावी, मोबाइलचं नंतर बघावं.) दुकानात बिलं निघतायत, हिशेब जुळतोय, ऑपरेटरच्या बोटांना फंक्शन कीज पाठ आहेत. मोबाइल हवा म्हणून पूर्ण प्रोग्राम बदलायला काढला, तर मोबाइलचं काम वर्षभर मागे पडतं आणि वर नवीन बिलिंगच्या चुका पदरात पडतात.

रिमोट डेस्कटॉपने फोनवर तोच पडदा उघडायचा, हा मार्ग बरेच जण सुचवतात. सहा इंची काचेवर ८० अक्षरी रकाने वाचायचे आणि एफ-१० दाबायला कीबोर्ड शोधायचा, हे बीटवर उभ्याउभ्या जमत नाही. आणि त्यासाठी राउटरवर ३३८९ पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडून ठेवणं म्हणजे रॅन्समवेअरला, फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामला, आमंत्रण. डीबीएफ फाइल्स एनक्रिप्ट होऊन बसल्या की बॅकअप सोडून दुसरा इलाज नाही.

एका बिलामागे काय काय हलतं

एक बिल सेव्ह झालं की हा प्रोग्राम सहा तक्त्यांना हात लावतो: बिलाचा माथा, बिलातल्या ओळी, बॅचवार साठा, पार्टीची येणी, रोजकीर्द आणि पुढचा बिल नंबर ठेवणारा नियंत्रण तक्ता. त्याच्या आधी पार्टीचा औषध परवाना चालू आहे का, उधारीची मर्यादा ओलांडली का, ४५ दिवसांपलीकडची थकबाकी आहे का हे तपासलं जातं. स्कीम १० वर १ असेल तर फुकट मालाची ओळ पडते. बॅच निवडताना जिची मुदत आधी संपते ती आधी सुचवली जाते.

यातला एकही नियम तक्त्यांत लिहिलेला नाही. फॉरेन की (तक्त्यांमधला दुवा) नाही, ट्रिगर (आपोआप चालणारा नियम) नाही, चेक (किमतीवरची अट) नाही. सगळं शहाणपण ईएक्सईच्या (प्रोग्रामच्या चालणाऱ्या फाइलच्या) आत आहे. सर्व्हरवर वेब एपीआय (इतर प्रोग्रामशी बोलायची वाट) बसवून ओएलई-डीबी प्रोव्हायडरमधून (बाहेरच्या प्रोग्रामला तक्ते उघडून देणाऱ्या जोडातून) बिलाच्या तक्त्यात दोन ओळी घातल्या, तर त्या बिनबोभाट जातात. तक्रार कुणी करत नाही. येणीत रक्कम चढलेली नसते, साठा वजा झालेला नसतो आणि हे कळतं ते महिनाअखेरीला जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) जुळवताना.

त्यात बिल नंबरचा पेच. केंद्रीय जीएसटी नियम ४६ प्रमाणे बिल नंबर सलग, कमाल १६ चिन्हांचा आणि त्या आर्थिक वर्षात एकमेव असावा लागतो. काउंटरवरचे पाच संगणक नियंत्रण तक्त्याला लॉक (इतरांना तेवढ्यापुरतं थांबवणारं कुलूप) लावून नंबर घेतात. बाहेरून लिहिणारा प्रोग्राम हा लॉक त्याच पद्धतीने लावेल याची खात्री नसते. फॉक्सप्रो आणि क्लिपर (डीबीएफवरच चालणारं दुसरं जुनं साधन) यांचे रेकॉर्ड-लॉक फाइलमध्ये वेगवेगळ्या ठिकाणी पडतात, तर डीबीएफ वाचू-लिहू शकणाऱ्या कितीतरी सुट्या लायब्ररी लॉक लावतच नाहीत. परिणाम ठरलेला: एकाच नंबरची दोन बिलं. अशा लायब्ररीने सीडीएक्स अद्ययावत केली नाही तर आणखी वाईट. नोंद तक्त्यात असते, पण शोधल्यावर सापडत नाही, आणि ऑपरेटर ती दुसऱ्यांदा टाकतो.

करआकारणीचंही तसंच. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. दर एकाच जागी असेल तर तो एकाच रात्री बदलता येतो. फोनच्या ॲपमध्येही कर काढत बसलं, तर जुनी आवृत्ती असलेला एखादा सेल्समन दुसऱ्या दिवशीही केमिस्टला १२ टक्क्यांचाच आकडा सांगतो.

म्हणून ठरलं असं: फोन बिल करणार नाही. फोन फक्त ऑर्डर ट्रेमध्ये (येणाऱ्या ऑर्डरींच्या फोल्डरमध्ये) ठेवेल आणि बिल जुना प्रोग्रामच करेल, त्याच्याच कोडने, त्याच्याच लॉकने.

मांडणी

तीन भाग. सेल्समनच्या फोनवर अँड्रॉइड ॲप, त्यात एसक्यूलाइट (फोनमधलाच छोटा डेटाबेस). मध्ये भाड्याचा छोटा क्लाउड सर्व्हर, त्यावर पोस्टग्रेस डेटाबेस आणि एपीआय. एवढ्या कामाला १ जीबी रॅम पुरते. आणि दुकानातल्या सर्व्हरवर विंडोज सर्व्हिस म्हणून, कुणी लॉगिन केलेलं नसतानाही, चालणारा छोटा प्रोग्राम, ज्याला पुढे एजंट म्हटलं आहे.

दुकानाच्या बाजूला एकही पोर्ट उघडायचं नाही. बऱ्याच ब्रॉडबँड जोडण्यांना आता स्वतःचा सार्वजनिक आयपी मिळतच नाही. कंपनी एकाच आयपीमागे अनेक ग्राहक ठेवते आणि राउटरवरचं पोर्ट फॉरवर्डिंग निकामी ठरतं. म्हणून एजंटच दर ३० सेकंदांनी ४४३ पोर्टवरून बाहेर जाऊन क्लाउडला विचारतो: नवीन ऑर्डर आहे का? रात्री दुकानाचा संगणक बंद झाला तरी ऑर्डरी क्लाउडवर थांबून राहतात आणि सकाळी संगणक सुरू झाला की उतरतात.

एजंट सर्व्हरवरच चालवावा आणि त्याला डी ड्राइव्हवरचा मूळ मार्ग द्यावा. झेड ड्राइव्ह लॉगिन केलेल्या माणसापुरता जोडलेला असतो, सर्व्हिसला तो दिसत नाही. हाताने चालवून पाहिलं तर चालतं आणि सर्व्हिस म्हणून लावलं की फाइल सापडत नाही, याचं कारण दहापैकी नऊ वेळा हेच.

साठा वाचणं

वाचण्यासाठी प्रोव्हायडर लागत नाही. व्हिज्युअल फॉक्सप्रोचा ओएलई-डीबी प्रोव्हायडर फक्त ३२-बिट आहे. ६४-बिट एजंटमधून हाक मारली की तो नोंदलेलाच नाही असा एरर येतो. त्यापेक्षा डीबीएफ सरळ बाइट्समध्ये वाचणं सोपं, कारण हा फॉरमॅट अगदी सरळ आहे. शून्यापासून मोजलं तर शून्यावा बाइट फाइलचा प्रकार सांगतो: ४८ म्हणजे व्हिज्युअल फॉक्सप्रो, ३ म्हणजे जुना मेमोविरहित तक्ता, २४५ म्हणजे मेमोसह फॉक्सप्रो २.x. बाइट ४ ते ७ मध्ये नोंदींची संख्या, ८-९ मध्ये हेडरची लांबी, १०-११ मध्ये एका नोंदीची लांबी. पुढे प्रत्येक रकान्याचं ३२ बाइटांचं वर्णन आणि शेवटी १३ किमतीचा बाइट. प्रत्येक नोंदीचा पहिला बाइट मोकळी जागा असेल तर नोंद जिवंत, तारा असेल तर खोडलेली. खोडलेली नोंद पॅक होईपर्यंत (फाइलमधून कायमची काढली जाईपर्यंत) फाइलमध्येच असते, हे विसरलं की दोन वर्षांपूर्वी बंद झालेली औषधं फोनवर उगवतात.

फाइल उघडताना इतरांना वाचायला-लिहायला मुभा राहील अशा शेअर मोडमध्ये उघडायची, वाचायची आणि लगेच बंद करायची. हँडल धरून, म्हणजे फाइल उघडी ठेवून, बसायचं नाही. रात्री ऑपरेटर मेनूतून रीइंडेक्स (इंडेक्स नव्याने बांधणं) आणि पॅक चालवतो, त्यांना फाइल एकट्याची लागते. एजंटने ती धरून ठेवली असेल तर जुना प्रोग्राम एरर देऊन थांबतो आणि खापर मोबाइलवर फुटतं. रीइंडेक्स सुरू करताना ईएक्सईने फोल्डरमध्ये एक रिकामी खूणफाइल टाकावी, संपल्यावर काढावी. ती दिसली की एजंट गप्प बसतो. मात्र ती अर्ध्या तासाहून जुनी असेल तर एजंटने क्लाउडवर सूचना द्यावी, कारण रीइंडेक्स चालू असताना वीज गेली की खूण तशीच राहते.

नोंदींची संख्या हेडरमधून जशीच्या तशी घेऊ नये. फाइलच्या आकारातून हेडर वजा करून नोंदीच्या लांबीने भागावं आणि दोहोंपैकी जी संख्या लहान ती धरावी. लिहिणं चालू असताना वाचलं तर या दोन संख्या क्षणभर वेगळ्या असू शकतात.

या तक्त्यांत शेवटच्या बदलाची वेळ कुठेच नाही. हेडरमध्ये फक्त तारीख असते आणि ती अख्ख्या फाइलची. म्हणून बदल ओळखायचा तो तुलना करून. मालाच्या यादीची नोंद २१२ बाइट, १८,००० नोंदी, म्हणजे सुमारे ३.८ एमबी. बॅचवार साठ्याची नोंद ९६ बाइट, ४५,००० नोंदी, म्हणजे ४.३ एमबी. सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवरून दर ५ मिनिटांनी एवढं वाचणं काहीच नाही. एजंट बॅचेसची बेरीज करून प्रत्येक मालाची एक ओळ बनवतो, ओळीचा हॅश (मजकुरावरून काढलेली छोटी खूण) काढतो, मागच्या हॅशशी ताडतो आणि जिथे फरक दिसला ती नोंद दोन सेकंदांनी पुन्हा वाचून मगच वर पाठवतो. दुसऱ्या वाचनामुळे अर्धवट लिहिली जात असलेली नोंद फोनपर्यंत जात नाही. क्लाउड प्रत्येक बदलाला चढता क्रमांक देतो. फोन आपल्याकडचा शेवटचा क्रमांक सांगतो आणि त्यापुढचे बदल घेतो.

वाचताना अडखळायच्या जागा नेहमीच्याच. रिकामी तारीख म्हणजे आठ मोकळ्या जागा. मुदत तारखेच्या रकान्यात नसून महिना आणि दोन अंकी वर्ष अशा पाच अक्षरांत. एमआरपीचा रकाना सात रुंदीचा आणि दोन दशांशांचा, म्हणजे ९,९९९.९९ पर्यंतच, १२,५०० रुपयांचं इंजेक्शन आलं की फॉक्सप्रो आधी दशांश टाकून आकडा बसवतो आणि तरीही न मावणारा आकडा आला की अखेर रकान्यात तारे भरतो. तारे दिसले तर शून्य समजू नये. ती ओळ “किंमत विचारा” अशी दाखवावी.

फोनवर साठ्याचा नेमका आकडा दाखवायचा की नाही यावर दुकानात बराच वाद होतो. न दाखवणं बरं. “आहे”, “थोडा”, “नाही” आणि खाली “दुपारी २:१० चा साठा” एवढं पुरतं. “७ शिल्लक” असं दिसलं की दोन सेल्समन तेच सात दोन केमिस्टना कबूल करतात आणि पाचव्या मिनिटाला काउंटरवर ते विकलेही जातात.

ऑर्डर आत आणणं

फोनवर ऑर्डर सेव्ह होताच तिला ३६ अक्षरांचा यूयूआयडी (दुसऱ्या कुणाशी न जुळणारा ओळख-क्रमांक) मिळतो. तो फोनवरच तयार होतो, सर्व्हरवर नाही. रेंज नसलेल्या गावात ऑर्डर एसक्यूलाइटमधल्या बाहेर-जाणाऱ्या तक्त्यात राहते. रेंज आली की जाते, पोच मिळाली नाही तर पुन्हा जाते. तोच यूयूआयडी दुसऱ्यांदा आला तर क्लाउड “मिळाली आहे” एवढंच उत्तर देतो, नवी ऑर्डर बनवत नाही. ऑर्डर पोचली पण पोच वाटेत हरवली, हा प्रसंग बीटवर रोजचा आहे. यूयूआयडी नसेल तर दर वेळी दुप्पट माल जाईल.

एजंट क्लाउडवरून ऑर्डर घेतो आणि ट्रे-फोल्डरमध्ये प्रत्येक ऑर्डरची एक मजकूर फाइल ठेवतो. आधी टीएमपी या विस्ताराने पूर्ण लिहायची, बंद करायची आणि मग नाव बदलून ओआरडी करायचं. एकाच ड्राइव्हवर नाव बदलणं एका झटक्यात होतं, त्यामुळे अर्धी फाइल कधीच उचलली जात नाही. इथे डीबीएफ तक्ताही चालला असता. पण मग दोन वेगळे प्रोग्राम एकाच तक्त्यात लिहिणार आणि लॉक-इंडेक्सची सगळी कटकट मागच्या दाराने परत येणार. शिवाय प्रोव्हायडरमधून ओळ घालताना न दिलेल्या रकान्यांत नल (किंमतच नाही अशी खूण) जाऊ पाहतो आणि जुने तक्ते नल नाकारतात. त्याला आधी सेट नल ऑफ चालवावं लागतं. मजकूर फाइलला यातलं काहीच लागत नाही.

जुन्या प्रोग्राममध्ये भर पडते ती एका पडद्याची: “मोबाइल ऑर्डर”. हा पडदा एडीआयआर फंक्शनने फोल्डरमधल्या फाइल्स गोळा करतो, ऑर्डरच्या वेळेप्रमाणे लावतो आणि ऑपरेटरला यादी दाखवतो. ऑपरेटरने एक ऑर्डर निवडली की नेहमीचा बिलाचा पडदा उघडतो, पार्टी आणि माल भरलेला. बॅच, स्कीम, उधारीची तपासणी, सेव्ह, सगळं नेहमीच्या वाटेने. आपोआप बिल बनवण्याचा आग्रह धरू नये. काउंटरवरच्या माणसाला ठाऊक असतं की अमुक पार्टीला लांबच्या मुदतीचीच बॅच लागते आणि तमुकने चेक परत आल्यावर काय सांगितलं होतं. ते कुठल्याही तक्त्यात नाही.

सोर्स कोड हाती असेल तर हे काम फॉक्सप्रो जाणणाऱ्याला आठवड्याभराचं. सोर्स नसेल, मूळ प्रोग्रामर सापडत नसेल, तर आधी ईएक्सईच्या मेनूत मजकूर किंवा डीबीएफमधून ऑर्डर आयात करायची सोय आहे का पाहावं. औषधांच्या बऱ्याच पॅकेजेसमध्ये ती असते आणि कुणी वापरत नाही. तीही नसेल तर ऑर्डर छापून काउंटरला द्यावी. हे हास्यास्पद वाटेल, पण सुवाच्य छापील ऑर्डर आणि त्यावर अचूक माल-कोड, एवढ्यानेही निम्म्या चुका जातात. मागच्या दाराने बिलाच्या तक्त्यात लिहिणं मात्र सोर्स नसलेल्या दुकानात तर मुळीच करू नये.

पडद्याच्या कोडमध्ये तीन जागा सांभाळायच्या.

पहिली, शोध. सेट एक्झॅक्ट ऑफ (तंतोतंत जुळणीची सेटिंग बंद) असताना फॉक्सप्रोचा सीक (इंडेक्समधून शोधणारी आज्ञा) अर्धवट जुळणीही मान्य करतो. अक्षरी रकान्यात ४१७ शोधलं तर ४१७० सापडू शकतं. कोड नेहमी पीएडीआर फंक्शनने रकान्याच्या पूर्ण रुंदीपर्यंत मोकळ्या जागांनी भरून मग शोधावा. कोडची पुढची शून्यंही जपावीत. वाटेत कुणी फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली तर ०००४१७ चं ४१७ होतं.

दुसरी, कोडचा पुनर्वापर. जुने प्रोग्राम खोडलेल्या मालाचा कोड नव्या मालाला देतात. फोन दोन दिवस रेंजबाहेर राहिला, दरम्यान कोड दुसऱ्या औषधाला गेला, तर ऑर्डर चुकीच्या औषधाची होते. किराणा मालात हे निभावतं, औषधांत निभावत नाही. म्हणून ऑर्डरच्या प्रत्येक ओळीत कोडबरोबर नाव आणि पॅकिंगही यावं. पडद्यावर दोन्ही ताडून पाहावं आणि फरक असेल तर ओळ लाल करून बिल अडवावं. नोंदीच्या क्रमांकाला तर ओळख म्हणून कधीच वापरू नये, पॅकनंतर तो बदलतो.

तिसरी, दुबार बिल. यूयूआयडी ठेवायला जुन्या बिलाच्या तक्त्यात नवा रकाना घालण्याचा मोह टाळावा. जुन्या कोडमध्ये ॲरेमधून नोंदी भरणाऱ्या ओळी असतात आणि त्या रकान्यांच्या क्रमावर अवलंबून असतात. त्याऐवजी वेगळा तक्ता करावा: यूयूआयडी, स्थिती, बिल नंबर, वेळ. सुट्या तक्त्यांना फॉक्सप्रोचं ट्रँझॅक्शन (सगळे बदल एकत्र होतील, नाहीतर एकही नाही) आपोआप लागू होत नाही. आवृत्ती ९ मध्ये मेकट्रँझॅक्टेबल या फंक्शनने ते करता येतं, पण जुन्या सेव्ह-कोडला त्यासाठी हात लावावा लागतो. तो लावायचा नसेल तर क्रम असा: आधी “चालू” अशी नोंद, मग बिल, मग “झालं” आणि बिल नंबर. मध्येच वीज गेली तर ती ऑर्डर “चालू”वर अडकते आणि पुढच्या वेळी पडदा ती पुन्हा बिलाला देत नाही. ऑपरेटरला सांगतो की या पार्टीचं शेवटचं बिल आधी पाहा.

बिल झाल्यावर ईएक्सई ट्रेमध्ये उत्तराची फाइल टाकते, एजंट ती वर नेतो आणि सेल्समनच्या फोनवर ऑर्डरीपुढे बिल नंबर उमटतो. काउंटरला येणारे फोन याच एका गोष्टीने सर्वांत जास्त कमी होतात. साठा दिसण्यापेक्षाही.

मराठी मजकूर

मालाची नावं इंग्रजी कॅपिटलमध्ये आहेत, त्यांचा प्रश्न नाही. पार्टीचे पत्ते मात्र जुन्या मराठी फॉन्टच्या सांकेतिक अक्षरांत भरलेले आहेत. डीबीएफच्या बाइट २९ मधलं कोडपेज (अक्षरसंच सांगणारी खूण) इथे उपयोगाचं नाही, कारण डेटाच्या दृष्टीने ती रोमन आणि चिन्हांची अक्षरं आहेत. मराठी दिसते ती फॉन्टमुळे. युनिकोडमध्ये नेताना अक्षरागणिक तक्ता पुरत नाही. अशा फॉन्टमध्ये पहिली वेलांटी दिसते तशी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, तर युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफार फॉन्टमध्ये अक्षराच्या शेवटी, युनिकोडमध्ये सुरुवातीला. म्हणजे आधी बदल, मग क्रमाची दुरुस्ती. हे रूपांतर एजंटमध्ये वर जाताना करावं आणि उलट दिशेने कधीही लिहू नये.

फोनवर सेल्समन मराठीत शेरा टाइप करेल, तो बिलाच्या तक्त्यात ढकलू नये. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड साठवायच्या पद्धतीत) तीन बाइट घेतं, म्हणजे ३० रुंदीच्या रकान्यात फक्त दहा चिन्हं, आणि फॉक्सप्रोचे नेहमीचे कंट्रोल युनिकोड दाखवतही नाहीत. नेहमीचे आठ-दहा शेरे कोड करून यादीतून निवडायला द्यावेत: “संध्याकाळच्या गाडीने”, “फक्त पूर्ण बॉक्स”, “जुना चेक घ्यायचा आहे”.

फोनच्या बाजूचे काटे

पार्श्वभूमीत पाठवण्यासाठी अँड्रॉइडचा वर्कमॅनेजर वापरावा, पण त्याचं आवर्ती काम १५ मिनिटांपेक्षा कमी अंतराने लागत नाही. शिवाय काही फोनची बॅटरी बचत ते कामही मारून टाकते. ॲपमध्ये ठसठशीत “पाठवा” बटण हवं आणि न गेलेल्या ऑर्डरींची संख्या कायम डोळ्यांसमोर हवी. अँड्रॉइड ९ पासून साधं एचटीटीपी मुळात अडवलं जातं आणि ७ पासून स्वतः बनवलेलं प्रमाणपत्र (सर्व्हरची ओळख पटवणारं) फोनमध्ये टाकूनही ॲप ते मानत नाही, तेव्हा क्लाउडवर रीतसर प्रमाणपत्रच लावावं. मोफत मिळणारं ९० दिवसांचं असेल तर नूतनीकरण आपोआप होतंय ना हे महिन्याने एकदा पाहावं. ते संपलं की नऊही फोन एकाच सकाळी बंद पडतात. एखाद्याच फोनला जोडणी होत नसेल तर आधी त्या फोनमधली तारीख बघावी, प्रमाणपत्राची मुदत तिच्याशीच ताडली जाते.

प्रत्येक फोनला वेगळं टोकन (ओळखीची गुप्त किल्ली) आणि त्या सेल्समनच्या बीटवरच्याच पार्ट्या. ६०० दुकानांची येणी सगळ्यांच्या खिशात फिरवायचं कारण नाही. फोन हरवला किंवा माणूस दुसऱ्या वितरकाकडे गेला की टोकन क्लाउडवरून रद्द.

चालू करण्याचा क्रम

सुरुवातीला नेटवर्क तपासावं. विंडोजची फाइल-शेअरिंग कॅश (फाइलची माहिती काही सेकंद जपून ठेवणारी सोय) जुन्या डीबीएफ प्रोग्रामना छळते. एका संगणकाला दुसऱ्याने घातलेली नोंद उशिरा दिसणं किंवा इंडेक्स बिघडणं ही त्याची लक्षणं. काउंटरच्या संगणकांवर रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) लॅनमनवर्कस्टेशनच्या पॅरामीटर्समध्ये डिरेक्टरीकॅशलाइफटाइम, फाइलइन्फोकॅशलाइफटाइम आणि फाइलनॉटफाउंडकॅशलाइफटाइम या तिन्ही किमती शून्य करतात. मूळ किमती अनुक्रमे १०, १० आणि ५ सेकंद. हे आधी करून घेतलं नाही तर जुना आजार नव्या एजंटच्या नावावर जातो.

मग दोन आठवडे फक्त साठा दाखवावा, ऑर्डर वहीतच. रोज संध्याकाळी २० मालांचा साठा फोनवर आणि काउंटरवर ताडून पाहावा. त्यानंतर एका सेल्समनच्या ऑर्डरी, मग उरलेल्यांच्या. प्रत्येक टप्प्याआधी मुद्दाम मोडून पाहायच्या गोष्टी: ऑर्डर जाताना फोन विमान मोडवर टाकणं, बिल सेव्ह होताना ईएक्सई मारणं, तीच ओआरडी फाइल दुसऱ्यांदा ट्रेमध्ये टाकणं, एजंट चालू असताना रीइंडेक्स, आणि एका मालाचा कोड बदलून जुन्या कोडची ऑर्डर पाठवणं.

३१ मार्च

हे सगळं सुरळीत चालल्यावर जो दिवस हमखास मोडतो तो १ एप्रिल. जुने प्रोग्राम प्रत्येक आर्थिक वर्षाला नवं फोल्डर काढतात, शिल्लक पुढे ओढतात आणि बिल नंबर पुन्हा १ पासून सुरू करतात. एजंटला जुन्या फोल्डरचा मार्ग पक्का लिहून दिला असेल तर तो जुनाच साठा वाचत राहतो. एरर येत नाही, आकडे फक्त गोठतात. शिवाय एप्रिलचे पहिले काही दिवस मार्चच्या राहिलेल्या नोंदी जुन्या फोल्डरमध्येच चालू असतात, त्यामुळे “शेवटी बदललेलं फोल्डर” असा अंदाज बांधणंही फसतं. चालू वर्षाचा मार्ग ईएक्सईनेच वर्ष बदलताना एका ठरलेल्या फाइलमध्ये लिहावा आणि एजंटने तो दर फेरीला वाचावा. यूयूआयडीचा तक्ता आणि ऑर्डरींचा ट्रे वर्षाच्या फोल्डरबाहेर ठेवावा, नाहीतर ३१ मार्चच्या संध्याकाळी बिल झालेली ऑर्डर नव्या वर्षात कोऱ्या तक्त्याशी ताडली जाते आणि पुन्हा बिलाला येते. आणि बिल नंबर फोनकडे पाठवताना त्याच्यासोबत आर्थिक वर्षही पाठवावं, कारण १ एप्रिलनंतर १ नंबरची दोन बिलं सेल्समनच्या यादीत शेजारीशेजारी असतात आणि दोन्ही खरी असतात.